फिटची गोळी उसनी घ्यायची नसते

गटात आपण पैसे उसने देतो, भाताचं बियाणं देतो. पण फिटची गोळी कुणाला उसनी द्यायची नाही. का, ते आज सांगते.

रोह्याकडच्या एका बैठकीत एका आजींनी सांगितलं, नातवाला आकडी येते, गोळ्या संपल्यात. शेजारच्या ताईने मायेने आपल्या मुलाच्या गोळ्या पुढे केल्या. आजींनी पिशवीतून चिठ्ठी काढली. डॉक्टरांनी ‘हे औषध देऊ नये’ म्हणून लिहिलेलं नाव तेच होतं, व्हॅल्प्रोएट.

त्या मुलाला मायटोकॉन्ड्रियाचा आजार आहे. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशींमधल्या बारीक चुली. अन्नापासून शक्ती तिथे तयार होते. चूल नीट पेटली नाही, की मेंदू, स्नायू, यकृत यांना शक्ती कमी पडते. मग आकडी येऊ शकते. व्हॅल्प्रोएट अनेकांना चांगलं लागू पडतं, पण अशा काही मुलांचं यकृत त्याने निकामी होऊन जीवही जाऊ शकतो.

मग आकडी थांबवायची कशी? डॉक्टर काही वेळा मिडाझोलमचा नाकात मारायचा फवारा घरी ठेवायला देतात. हे गुंगीचं औषध आहे. त्याने मेंदू शांत होतो, पण श्वासही मंदावू शकतो. या मुलांचे स्नायू आधीच अशक्त असतात, म्हणून जास्त जपावं लागतं. डोस वजनावर ठरतो. लिहून दिलाय तेवढाच द्या, मनाने दुसऱ्यांदा देऊ नका.

आकडी आली, की आधी घड्याळ बघा. मुलाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे फवारा द्या आणि 108 ला फोन करा. आकडी पहिलीच असेल, तर वाट न बघता फोन करा. औषधानंतर मूल झोपलं तरी जवळून हलू नका. छाती हलते का, ओठ निळे पडतात का, बघत राहा.

रोजचं औषध एकदम बंद करू नका. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच आणा. या मुलांना उपाशी ठेवू नका, ताप अंगावर काढू नका. दुर्मीळ आजारांसाठी मुंबईचं केईएम रुग्णालय हे सरकारने नेमलेलं केंद्र आहे.

आणि सुनेला बोल लावू नका. हा आजार कधी आईकडून येतो, कधी दोघांकडून. दोष कुणाचाच नसतो.

पुढच्या बैठकीत विचारा, कुणाच्या घरी आकडीचा पेशंट आहे? असेल, तर आजाराचं नाव, वजन, चालणारी आणि न चालणारी औषधं डॉक्टरांकडून लिहून घ्या. रात्री पेण-रोह्याच्या दवाखान्यात नवीन डॉक्टर असले, तर आपल्या आधी ती चिठ्ठी बोलेल.