उन्हाळी वेळेचा जमाखर्च

इंग्लंड-अमेरिकेतील आप्तांशी अथवा पेढ्यांशी ज्यांचा नित्य संबंध येतो, त्यांस तेथील घड्याळे मार्चमध्ये एक तास पुढे व शरद ऋतूत पुन्हा मागे जातात हे ठाऊक आहेच. या रिवाजास ‘उन्हाळी वेळ’ म्हणतात. त्यातील लाभहानीचा हिशेब येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

विल्यम विलेट या इंग्रज गृहस्थाने १९०७ मध्ये पत्रक काढून या योजनेचा पुरस्कार केला. उन्हाळ्यातील पहाटेचा उजेड लोक झोपेत दवडितात व रात्री दिव्यांवर पैसा खर्चितात, हा त्याचा आक्षेप होता. १९१५ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी महायुद्धात कोळसा वाचावा म्हणून प्रथम जर्मनीने व पाठोपाठ इंग्लंडने ही योजना अमलात आणिली.

जमेच्या बाजूस पहिली रक्कम व्यापाराची. कामावरून सुटलेल्या माणसास उजेड मिळाला, म्हणजे त्याचे पाय बाजाराकडे वळतात. बोस्टनच्या व्यापारी मंडळाने १९१७ मध्ये योजनेची शिफारस केली होती. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणाऱ्या कुटुंबांचीही सोय होते. मार्चअखेर लंडनमध्ये साडेसहाऐवजी साडेसातला सूर्य मावळतो. नवकारसीची अठ्ठेचाळीस मिनिटे मात्र सूर्योदयापासूनच मोजावयाची. तेथे घड्याळाचा हुकूम चालत नाही.

आता नावेची बाजू. गवतावरचे दव घड्याळ पाहून वाळत नाही व गायीही वेळ बदलून दूध देत नाहीत. म्हणून शेतकऱ्यांच्या विरोधामुळे अमेरिकेने १९१९ मध्ये हा कायदा रद्द केला. पुढे तो परत आला. घड्याळ पुढे करताच झोपेचा एक तास जातो व काही दिवस शरीरास त्रास होतो. विजेची बचतही निर्विवाद नाही. इंडियाना राज्यात २००६ मध्ये ही पद्धत सर्वत्र लागू झाली, तेव्हा अभ्यासकांस घरगुती विजेचा खप सुमारे एक टक्का वाढल्याचे आढळले. दिव्यांत वाचले, ते थंड हवेच्या यंत्रांनी खाल्ले! युरोपच्या संसदेने २०१९ मध्ये ही पद्धत बंद करण्याच्या बाजूने मत दिले, तरी ती अद्याप चालूच आहे.

आपल्या देशानेही याचा अनुभव घेतला आहे. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारताची प्रमाणवेळ एक तास पुढे होती. ती हिवाळ्यातही तशीच राहिल्याने जानेवारीत मुंबईचा सूर्योदय त्या वेळेप्रमाणे सव्वाआठच्या सुमारास होई. युद्ध संपल्यावर ती रद्द झाली, हे योग्यच झाले. लंडनचा सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून अधिक, तर लहान दिवस आठ तासांहूनही कमी असतो. मुंबईत हेच आकडे सुमारे सव्वातेरा व अकरा आहेत. जेथे पहाटेचा उजेड मुळातच शिलकीत नाही, तेथे तो संध्याकाळच्या खात्यास वळता कसा करावयाचा?

तेव्हा आमच्या मते ही योजना उत्तरेकडील देशांस काही अंशी लाभदायक, आपणांस निरुपयोगी. व्यवहारात मात्र एक सावधगिरी हवी. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, इंग्लंड शेवटच्या रविवारी. उन्हाळ्यात लंडन आपल्यामागे साडेचार तास व न्यूयॉर्क साडेनऊ तास असते. हिवाळ्यात प्रत्येकी एक तास अधिक. परदेशी सौद्याची वेळ ठरविताना बंधूंनी हे टिपून ठेवावे.