चौदा आठवड्यांची शाळा

भटक्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयात काय काय घडलं, ते आता सगळ्यांना पाठ झालंय. ११ ऑगस्ट २०२५ चा आदेश, त्यावर उठलेला गदारोळ, २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्यात केलेला बदल आणि मग नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बस स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवण्याचा हुकूम. चावणारी कुत्री विरुद्ध खायला घालणाऱ्या काकू हा सामना वाहिन्यांवर मनसोक्त खेळून झाला. या धबडग्यात २२ ऑगस्टच्या आदेशातली एक गोष्ट मात्र फारशी कुणी उचलली नाही. प्राणिप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घेता येईल, पण ते पुन्हा रस्त्यावर जाणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्याची.

ही अट वाचायला सोपी आहे. घरात आणलेलं कुत्रं परत बाहेर का जातं, ते जरा बघा. माणसं निष्ठुर असतात म्हणून क्वचितच. बेल वाजली की ते घर डोक्यावर घेतं, लिफ्टमध्ये शेजारच्या मुलावर गुरगुरतं, कुरिअरवाल्याच्या पोटरीला लागतं. सोसायटीची नोटीस येते, घरात भांडणं होतात आणि एक दिवस ‘गावाकडे मोकळ्या हवेत’ त्याची रवानगी होते. या बहुतेक तक्रारींचं मूळ पिल्लाच्या पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत असतं, आणि नेमक्या त्याच काळात आपण पिल्लाला घरात कोंडून ठेवतो. का, तर ‘अजून इंजेक्शनं पूर्ण झाली नाहीत.’

या पहिल्या महिन्यांचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांमुळे. मेन राज्यात बार हार्बर नावाचं गाव आहे. तिथली जॅक्सन प्रयोगशाळा खरं तर उंदरांसाठी प्रसिद्ध. पण दुसरं महायुद्ध संपता संपता स्कॉट तिथे गेले आणि त्यांनी कुत्र्यांची शाळाच काढली. बसेंजी, बीगल, कॉकर स्पॅनियल, शेटलंड शीपडॉग आणि फॉक्स टेरियर अशा पाच जातींची पिल्लं जन्मल्या दिवसापासून निरखायची, ती कधी डोळे उघडतात, कधी शेपूट हलवतात, माणूस दिसला की पुढे येतात की मागे सरतात, सगळं टिपून ठेवायचं. वर्षानुवर्षं चाललेल्या या कामाचं पुस्तक १९६५ मध्ये आलं. कुत्र्याच्या स्वभावात रक्ताचा वाटा किती आणि वाढवण्याचा किती, हा प्रश्न इतक्या चिकाटीने त्याआधी कुणी विचारलाच नव्हता.

तिथल्याच एका प्रयोगाची हकिगत १९६१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आली. डॅनियल फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉकर आणि बीगलची पिल्लं उंच कुंपण घातलेल्या मोकळ्या शेतात आईजवळच वाढवली. खाणं-पाणी आत सरकवायचं, माणसाचं दर्शन नाही. काही पिल्लांना दुसऱ्या आठवड्यात, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात बाहेर काढून एकेक आठवडा माणसांच्या संगतीत ठेवलं आणि परत शेतात सोडलं. थोडी पिल्लं अशी की चौदा आठवड्यांपर्यंत त्यांना माणूस माहीतच नाही. पाचव्या ते नवव्या आठवड्यात माणूस भेटलेली पिल्लं पुढेही माणसाजवळ आली, पट्टा घालून चालली. ती शेवटची पिल्लं मात्र रानातल्या जनावरासारखी झाली. त्यातल्या एकाला पुढे खूप दिवस चुचकारून पाहिलं, तरी फरक पडला तो थोडाच. आई माणसाळलेली, जात माणसाळलेली, खाण्यापिण्याची आबाळ नाही, आणि तरी असं. हा प्रयोग निर्दय होता, आज त्याला परवानगी मिळू नये. पण त्याने जे दाखवलं ते पुसता येत नाही. साधारण तिसऱ्या आठवड्यात पिल्लाचं एक दार उघडतं आणि बाराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या सुमारास ते मिटत जातं. तेवढ्यात जे भेटलं ते आपलं, नंतर भेटलेल्याकडे आधी संशयाने पाहायचं.

आता लशीकडे. पार्वो हा विषाणू जगाला ठाऊक झाला १९७८ मध्ये आणि दोनेक वर्षांत तो सगळीकडे पसरला. रक्ताची हगवण लागते, उलट्या होतात आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचं जातं. मातीत तो महिनोन्‌महिने टिकतो. आपलं लाडकं फिनाइल त्याचं काही वाकडं करू शकत नाही, तिथे ब्लीचच लागतं. तेव्हा डॉक्टरांची भीती रास्त आहे. शिवाय मधे एक अडचण असते. आईच्या चिकातून पिल्लाला जी तयार प्रतिकारशक्ती मिळते, तीच लशीला निकामी करते. ती कुणाची सहाव्या आठवड्यात ओसरते, कुणाची चौदाव्यात. बाहेरून कळायला मार्ग नाही. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस देत सोळाव्या आठवड्यापर्यंत जायचं. दुसरा-तिसरा डोस म्हणजे पहिल्याला दिलेलं बळ, असं अनेकांना वाटतं. खरं तर प्रत्येक डोस हा नवा प्रयत्न असतो, यातला एक तरी लागू पडावा म्हणून. कार्डावर शेवटचा डोस बाराव्या आठवड्यातच उरकलेला असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. रेबीजची लस बाराव्या आठवड्याच्या सुमाराला, आणि तिच्यात चालढकल नको.

म्हणजे लस पूर्ण होते सोळाव्या आठवड्यात आणि दार मिटतं चौदाव्यात. दोन्ही सांभाळायचं कसं? अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या वर्तनविषयक संघटनेने २००८ मध्येच स्पष्ट भूमिका घेतली: लशीचा पहिला डोस होऊन आठवडा उलटला की पिल्लाला लोकांत न्या, सोळाव्या आठवड्याची वाट पाहू नका. आपल्याकडे रस्त्यावर बिनलशीची कुत्री भरपूर, त्यामुळे ते जसंच्या तसं उचलता येणार नाही. पण त्याला आपल्याकडचा उपाय साधा आहे: कडेवर घ्या. जमिनीवर टेकवायचं नाही, अनोळखी कुत्र्याला हुंगू द्यायचं नाही, बाकी सगळं दाखवायचं. एसटी स्टँडच्या फाटकाशी दहा मिनिटं उभं राहा. भाजी मंडई, शाळा सुटण्याची वेळ, हेल्मेट घातलेला माणूस, छत्री उघडणारी बाई, काठी टेकत येणारे आजोबा, घुंगरं वाजवत जाणारा बैल दिसला तर तोही. घरात कुकरची शिट्टी, मिक्सर, बेल. ढोल-ताशाचा सराव लांबून ऐकवा, एकदम पथकासमोर नको. प्रत्येक नव्या गोष्टीबरोबर तोंडात खाऊचा बारीक तुकडा. पिल्लू अंग चोरायला लागलं, कान मागे पाडले, जांभया द्यायला लागलं की मागे फिरा. जांभई म्हणजे झोप असं नाही, कुत्र्याची ती धास्तीचीही खूण असते.

आणि पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार त्याआधी पिल्लू विकताच येत नाही, तरी बाजारात महिन्याची पिल्लं टोपल्यांतून मिळतात. किती जोराने चावलं की समोरचा ओरडतो, हे पिल्लू भावंडांशी कुस्ती खेळताना शिकतं. ते वर्ग बुडाले की पुढे दाताचं माप कळत नाही आणि भोगतो घरातला सगळ्यात धाकटा.

शिकवण्याचं म्हणाल तर तासाला पैसे मोजून घरी येणाऱ्या ‘ट्रेनर’ लोकांपैकी निम्म्यांनी माझी निराशा केली आहे. चोक चेनचा झटका आणि तोंडी एकच मंत्र: तुम्ही ‘अल्फा’ बना, नाहीतर कुत्रा तुमचा मालक होईल. या मंत्राची जन्मकथा गमतीची आहे. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांची मारामारी पाहून वर्चस्वाची मांडणी केली. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या लांडग्यांवरच्या पुस्तकाने ती लोकप्रिय केली. पुढे त्याच मेकनी रानातल्या लांडग्यांचा अभ्यास केला. तिथला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं, दुसरं काही नाही. १९९९ मध्ये त्यांनी तसं लिहिलं आणि नंतर आपलं ते पुस्तक छापू नका म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. मूळ लेखकाने सोडून दिलेली गोष्ट आपल्या सोसायटीत अजून जोरात आहे. कुत्र्याला तुमची गादी नको असते. ‘बस’ म्हटल्यावर बसलं की लगेच, दोन सेकंदांच्या आत, खाऊ मिळाला तर ते पुन्हा बसतं. उशिरा दिलात तर ते उठून उभं राहिल्याचं बक्षीस समजतं. सू घरात केली म्हणून त्यात नाक घासणं तर शुद्ध अडाणीपणा. पिल्लू उठलं, जेवलं, खेळून थांबलं की उचलायचं आणि ठरलेल्या जागी न्यायचं, एवढाच त्यातला मंत्र.

खाण्यावरून आपल्याकडे दोन पंथ आहेत. एक भाकरी-दूधवाला, दुसरा ‘कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला धान्य विष’ म्हणणारा. दुसऱ्या पंथाला २०१३ मध्ये उत्तर मिळालं. स्वीडनमधल्या एरिक अ‍ॅक्सेल्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात आणि कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या शेताच्या कडेला राहून तो बदलला. तेव्हा शिजवलेला भात, भाकरी त्याला पचते. पण पचणं वेगळं आणि पुरणं वेगळं. नुसत्या भाकरी-दुधात वाढत्या पिल्लाला लागणारी प्रथिनं नसतात, शिवाय दूध सुटल्यावर अनेकांना ते झेपत नाही आणि पोट बिघडतं.

घरोघरी चालणारा चिकन-भात दिसतो भारदस्त, पण त्यातली खोट वेगळीच. बिनहाडाच्या मांसात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस वीसेक पट. पिल्लाला दोन्ही जवळपास सारखी लागतात, कॅल्शियम किंचित जास्तच. कमी पडलेलं कॅल्शियम शरीर हाडांतून ओढून घेतं आणि पुढचे पाय धनुष्यासारखे वाकतात. मग घाबरून औषधाच्या दुकानातून कॅल्शियमची बाटली येते. ती गरजेची आहे का, हे ताटात काय आहे त्यावर ठरतं. तयार खाण्यावर वाढणाऱ्या लॅब किंवा ग्रेट डेनच्या पिल्लाला वरून कॅल्शियम पाजणं घातक, कारण त्या वयात आतडं जास्तीचं कॅल्शियम अडवू शकत नाही आणि सांधे बिघडतात. घरचंच खाऊ घालायचं तर प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेली बिनसाखरेची च्युइंगगम त्याच्यापासून लांब. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेही त्यात आले. ताप वाटला म्हणून आपल्या डब्यातली गोळी तर मुळीच नाही.

मोठ्या कुत्र्याचा आजार म्हणजे प्रेमाने चढवलेली चरबी. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरवर झालेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणारे सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांना सांधेदुखीही उशिरा लागली. वजनकाटा नसेल तर बोटं फिरवून बघा. आपला हात सपाट धरून हाताच्या पाठीवरून बोट फिरवताना हाडं जशी लागतात, तशा बरगड्या लागायला हव्यात. वळलेल्या मुठीच्या उंचवट्यांसारख्या लागल्या तर कुत्रं वाळलंय. तळव्यासारखं मऊ लागलं तर चहाबरोबरची बिस्किटं आजपासून बंद.

पावसाळ्यात आणि नंतर गोचीड. कानाच्या आतल्या घडीत आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात रोज बोट घालून बघा. रक्त पिऊन फुगलेली मादी गळून पडते आणि भिंतीच्या भेगेत, फ्लॅटमध्ये स्कर्टिंगच्या फटीत हजारो अंडी घालते. त्यामुळे नुसत्या कुत्र्याला अंघोळ घालून ती हटत नाही, घराच्या फटीही साफ कराव्या लागतात. गोचीड तापात कुत्रं खाणं सोडतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. तिथे घरगुती उपायांत दिवस घालवू नका.

शेवटी, दत्तक घ्यायला निघालेले सगळेच पिल्लू शोधतात, हे मला पटत नाही. चौकात वाढलेलं दोन-तीन वर्षांचं देशी कुत्रं तिसऱ्या आठवड्यापासून रिक्षा, शाळकरी पोरं, वडापावची गाडी, लग्नाचा बँड यांच्यातच वाढलेलं असतं. ब्रीडरच्या पिंजऱ्यातून आलेल्या महागड्या पिल्लापेक्षा त्याची ही शाळा चांगली झालेली असते. त्याला जे ठाऊक नसतं ते वेगळं: बंद दार, गुळगुळीत फरशी, लिफ्टचा धक्का, डोक्यावर फिरणारा पंखा आणि घरात एकटं बसणं. पहिले काही आठवडे त्याला एक कोपरा द्या, फरशीवर गोणपाट टाका, खाण्याची जागा आणि वेळ बदलू नका. एकटं ठेवण्याची सवय दोन मिनिटांपासून लावा. पट्ट्याला झटका नको, तो खाऊने ओळखीचा करा. पाहुण्यांची रांग आठवडाभर पुढे ढकला. दत्तक शिबिरात कार्ड हातात घ्याल तेव्हा लशीच्या बाटलीचं स्टिकर त्यावर चिकटवलेलं आहे का ते पाहा. बॅच नंबर आणि मुदत त्यावर असते. नुसती सही आणि तारीख असेल तर लस पहिल्यापासून करून घ्या, आणि कानाला नसबंदीची खाच दिसली तरी तिचा कागद मागा.