इंग्रजी व्याकरणातील त्रुटीशोधन आणि मराठी भाषक विद्यार्थी : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

दिनांक १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. मराठी, झाडीबोली, पोवारी, गोंडी आणि हिंदी या भाषा येथील विद्यार्थी घरी व बाजारात बोलतात. इंग्रजी मात्र त्यांना प्रामुख्याने वर्गातच भेटते. पदवीनंतर हाच विद्यार्थी स्पर्धा परीक्षेला बसतो. कर्मचारी निवड आयोगाच्या संयुक्त पदवीस्तर परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न ५० गुणांसाठी असतात आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे अर्धा गुण वजा होतो. वाक्याचे भाग पाडून त्यांतील सदोष भाग ओळखणे हा त्यांतील एक परिचित प्रश्नप्रकार होय. या प्रश्नांत विद्यार्थी का चुकतो आणि सराव कसा घ्यावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

चुकीमागील नियम

‘जे कानाला खटकते ते चूक’ असा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु विद्यार्थ्याचा कान मातृभाषेने घडविलेला असतो. मराठीच्या नियमात बसणारे सदोष इंग्रजी वाक्य त्याला खटकतच नाही. रॉबर्ट लाडो यांनी १९५७ मध्ये दोन भाषांच्या तुलनेचे महत्त्व मांडले, तर पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये चुका या शिकण्याच्या प्रक्रियेच्या खुणा असल्याचे प्रतिपादन केले. काही उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

१) कर्ता व क्रियापद : ‘बियाण्यांचा दर्जा चांगला आहे’ या वाक्यात ‘दर्जा’ हा कर्ता ‘बियाण्यांचा’ या शब्दानंतर, क्रियापदाच्या बाजूला येतो. इंग्रजीत क्रम उलटतो आणि क्रियापदाशेजारी ‘सीड्ज’ हे अनेकवचन येते. त्यामुळे ‘द क्वालिटी ऑफ द सीड्ज आर गुड’ हे वाक्य निर्दोष भासते. तेथे ‘इज’ हवे.

२) काळ : मराठीतील ‘पासून’ हा एकच शब्द आरंभबिंदू व कालावधी या दोहोंसाठी चालतो. शिवाय ‘मी पाच वर्षांपासून येथे राहतो’ यात वर्तमानकाळ पुरतो. म्हणून ‘आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ यात चूक दिसत नाही. ‘हॅव बीन लिव्हिंग’ आणि ‘फॉर’ अशा दोन दुरुस्त्या येथे आवश्यक आहेत.

३) शब्दयोगी अव्यये : ‘विषयी चर्चा करणे’ यावरून ‘डिस्कस अबाउट’, ‘तिच्याशी लग्न केले’ यावरून ‘मॅरिड विथ हर’ अशा रचना होतात. दोन्ही ठिकाणी अव्यय अनावश्यक आहे.

४) उभयान्वयी जोड्या : ‘जरी–तरी’ या जोडीमुळे ‘ऑल्दो’नंतरचा ‘बट’ खटकत नाही.

५) वचन : ‘केस पिकले’, ‘सल्ले दिले’ ही अनेकवचने ‘हेअर्स’ व ‘ॲडव्हाइसेस’ या चुकांकडे नेतात. उलट ‘माहिती’ या शब्दाचे अनेकवचन आपणही करीत नाही. त्यामुळे ‘इन्फर्मेशन’ची चूक मराठीच्या आधारेच टाळता येते.

मातृभाषा केवळ अडथळा नसून साधनही आहे. मराठीत उपपदे नाहीत. तरीही ‘अ’ की ‘ॲन’ हा निर्णय देवनागरी सोपा करते. शब्द उच्चारानुसार देवनागरीत लिहावा. आरंभी स्वर असल्यास ‘ॲन’, व्यंजन असल्यास ‘अ’. म्हणून ‘ॲन अवर’, ‘ॲन एम.ए.’, परंतु ‘अ युनिव्हर्सिटी’, ‘अ वन-रुपी नोट’.

सर्वच चुका मातृभाषेतून येत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. ‘पुट’चे ‘पुटेड’ करणारा विद्यार्थी इंग्रजीचाच नियम अधिक ताणतो.

सरावाची पद्धती

प्रथम मुख्य क्रियापद शोधून त्याचा कर्ता निश्चित करावा व मधला ‘ऑफ’चा भाग वगळून वाक्य वाचावे. त्यानंतर काळ, अव्यये, वचन व उपपदे या क्रमाने तपासणी करावी. वाक्याचे शब्दशः मराठी रूपांतर सहज जुळत असल्यास तो भाग पुन्हा पाहावा. मात्र ते केवळ संशयाचे कारण मानावे, पुरावा नव्हे.

प्रत्येक विद्यार्थ्याने चुकांची नोंदवही ठेवावी. तीत सदोष वाक्य, दुरुस्ती, नियम आणि दिशाभूल करणारी मराठी अथवा बोलीतील रचना असे चार रकाने असावेत. पोवारी वा गोंडी भाषक विद्यार्थ्यास त्याच्या घरची रचना विचारावी; ती आपणास ठाऊक आहे असे गृहीत धरू नये. पंधरवड्यानंतर त्याच नियमावर नवी वाक्ये द्यावीत. सरावात निर्दोष वाक्येही मिसळावीत, अन्यथा विद्यार्थ्यास सर्वत्र चूक पाहण्याची सवय लागते.

निष्कर्ष

उत्तरसूचीसह शेकडो वाक्ये सोडवून घेतल्याने उत्तरे पाठ होतात, नियम नव्हे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठीच्या आधारे इंग्रजी शिकण्याची वाट पूर्वीच दाखविली आहे. विद्यार्थ्याची चूक निष्काळजीपणा मानून ओलांडल्यास तो स्वतःस इंग्रजीत कच्चा समजू लागतो आणि अर्ज करण्याआधीच माघार घेतो. तीच चूक एका भाषेचा नियम दुसरीत वापरल्याचा परिणाम आहे हे उमगल्यास ती दुरुस्त होण्याजोगी ठरते. हे उमगवून देणे इंग्रजीच्या व मराठीच्या अध्यापकांनी मिळून करावयाचे कार्य आहे.