उभ्या गाडीचं इंजिन

आटगावहून तानसाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक गॅरेज आहे. गॅरेज आपलं म्हणायचं म्हणून. चार खांबांवर पत्रे, एक लाकडी बाकडं, तेलाने काळी पडलेली जमीन आणि खिळ्यांना टांगलेल्या क्लच-वायरी. वर्षातून दोनदा, एकदा मृगाच्या आधी आणि एकदा दिवाळी झाल्यावर, मी माझी स्कूटर घेऊन तिथे जातो. स्कूटर १९९० सालची बजाज चेतक. पस्तिशी उलटलेली. बँकेच्या वहीत एवढ्या जुन्या वस्तूची किंमत केव्हाच एक रुपयावर आली असती. घसारा लावण्यात माझी अख्खी नोकरी गेली, म्हणून खात्रीने सांगतो.

गेल्या खेपेला बाकड्यावर बसलो होतो, तर एक तरुण आला. त्याच्या आजोबांची स्कूटर गोठ्यात पडून होती. ती चालू करता येईल का, हे त्याला विचारायचं होतं. माझ्या गाडीकडे पाहून त्याने आणखी एक प्रश्न टाकला, "अशी इंजिनं टिकतात तरी किती वर्षं?"

मिस्त्री पिस्टनवरची काजळी खरवडत होते. मान वर न करता म्हणाले, "ह्या साहेबांना विचार. त्यांच्याकडे दोन होती."

मी हसून वेळ मारून नेली. त्या पोराला द्यायचं राहिलेलं उत्तर इथे देतो.

चेतकचं इंजिन टू-स्ट्रोक, एका सिलिंडरचं, १४५ सीसीचं. पिस्टनचा व्यास ५७ मिलिमीटर आणि त्याची वर-खाली होण्याची चालही ५७ मिलिमीटर. चाकाचा घेर आणि चौथ्या गिअरचं गुणोत्तर धरून मी एकदा हिशेब मांडला होता. सवय जात नाही! एक किलोमीटर जायला क्रँक साधारण साडेतीन हजार वेळा फिरतो. म्हणजे गाडी एक किलोमीटर जाते तेव्हा आत पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला घासत सुमारे चारशे मीटर जाऊन-येऊन करतो. तीस हजार किलोमीटर गाडी चालली, तर पिस्टनने त्या चिमूटभर जागेत बारा हजार किलोमीटर काटलेले असतात. आणि एवढ्या घासण्यात मध्ये काय असतं? पेट्रोलबरोबर आत शिरणाऱ्या तेलाचा पातळ थर. फोर-स्ट्रोक गाडीत क्रँक-पिस्टनचं तेल खाली साठलेलं असतं, फिरून फिरून वापरलं जातं. टू-स्ट्रोकमध्ये ते पेट्रोलात मिसळून येतं, काम करतं आणि जळून धूर होऊन जातं. रोज नवं. एखाद्या दिवशी ते घालायला विसरलात, तर पिस्टन तापून फुगतो आणि भर रस्त्यात चाक जाम होतं. आमच्याकडे त्याला 'पिस्टन पकडला' म्हणतात. पुष्कळांचे गुडघे त्या एका विसरण्यात फुटलेले मी पाहिलेत.

मी लिटरला वीस मिलिलिटर टू-टी तेल घालत आलो. काही लोक इंजिनावरच्या प्रेमापोटी दुप्पट घालत. त्याने प्लग काळा पडे आणि सायलेन्सर काजळीने भरून गाडीचा दम कोंडे. मग मिस्त्री तो सायलेन्सर सोडवून सरळ जाळात टाकत आणि जळालेली काजळी ठोकून झाडत. जास्त तेल घालणाऱ्यांना ते 'लाडोबाचे आईबाप' म्हणत.

दुसरी गोष्ट हवेची. स्कूटरला मोटारसायकलसारखा समोरचा वारा मिळत नाही, इंजिन उजव्या पोटाखाली झाकलेलं. म्हणून मॅग्नेटोच्या चाकावर पंख्याची पाती असतात आणि ती सिलिंडरच्या फासळ्यांवर हवा मारतात. शहापूर तालुका भाताचा. झोडणीच्या दिवसांत आणि भातगिरण्यांच्या आसपास हवेत तूस उडत असतं. पंखा ते ओढतो, फासळ्यांत तेलाच्या ओशटपणावर ते चिकटतं, वर धुळीचं लिंपण बसतं. बाहेरून गाडी चकचकीत आणि आत सिलिंडरला गोधडी! दिवाळीनंतरची माझी खेप खास या तुसासाठी असते. पत्र्याचं झाकण काढून मिस्त्री जुन्या टूथब्रशने फासळ्या साफ करतात. एवढं केलं की इंजिनाचं निम्मं दुखणं टळतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते अनुभवाने पटलेलं आहे.

मिस्त्रींचं वय आता पंचाहत्तरच्या घरात. तरुणपणी ते भांडुपला एका गॅरेजात होते. भांडुपला तेव्हा लॅम्ब्रेटा बनत असे, त्यामुळे त्यांचे हात आधी लॅम्ब्रेटावर काळे झाले, मग बजाजवर. बजाजची स्कूटर मुळात इटलीच्या पिआजिओची व्हेस्पा. ती १९४६ साली काढणारे कोर्रादिनो दास्कानियो हे विमानांचे इंजिनिअर होते. पुढच्या चाकाला एकाच बाजूने धरणारा दांडा त्यांच्या त्या धंद्यातून आला. पंक्चर झालं की नट सोडवून चाक बाजूला, स्टेपनी जागेवर. इंजिन थेट मागच्या चाकाला जोडलेलं, साखळी नाहीच. पिआजिओशी असलेला करार १९७१ साली संपला आणि पुढच्याच वर्षी राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. हे सगळं ऐकायला जुनं वाटतं, पण याच साधेपणामुळे हे इंजिन पत्र्याखालच्या बाकड्यावर दोन-तीन तासांत खोलता येतं.

माझ्या जुन्या डायऱ्यांत गाडीचा सगळा जमाखर्च आहे. (बँकेकडून पेट्रोलचा भत्ता मिळे, त्याची नोंद लागायची. पुढे भत्ता गेला, नोंद राहिली.) पहिला बोअर ३८ हजार किलोमीटरवर. म्हणजे घासून मोठं झालेलं सिलिंडर आतून लेथवर सारखं करून घ्यायचं आणि त्यात किंचित मोठा पिस्टन बसवायचा. दुसरा ७१ हजारांवर. त्यानंतर क्रँकचं बेअरिंग आवाज करू लागलं, तेव्हा 'फुल इंजिन' काम झालं. सिलिंडर अशा थोड्याच खेपा सोसतं, भिंत पातळ होत जाते. मग सिलिंडरच नवं. आज माझ्या गाडीतलं मूळ १९९० सालचं असं काय उरलंय, हे मिस्त्रींनाही धड सांगता यायचं नाही. तेव्हा 'किती वर्षं टिकतं' या प्रश्नाचं किलोमीटरमधलं उत्तर असं : तीस-चाळीस हजारांवर ते पैसे मागतं, दिले की पुन्हा तेवढंच चालतं. सुटे भाग आणि मिस्त्री, या दोन्हींपैकी एक संपेपर्यंत.

आता दुसऱ्या इंजिनाबद्दल.

१९९० साली मी तालुक्यातल्या एका शाखेत शेती अधिकारी होतो. त्या वर्षी माझी स्कूटर स्टाफ लोनमधून आली. त्याच महिन्यात, त्याच दुकानातून आणखी एक चेतक आली, तीही माझ्याच सहीच्या कर्जातून. घेणारा आटगावच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा मुलगा, तेवीस-चोवीस वर्षांचा. पहाटे शहापूरहून पाव, बटर, खारी घ्यायचा, मागे पत्र्याच्या पेटीत भरायचा आणि तानसाच्या बाजूच्या पाड्यांवर घालायचा. धंदा बरा चालला होता. गाडीची निगा तो माझ्यापेक्षा चांगली राखी. फासळ्यांतलं तूस टूथब्रशने काढायचं, हे मिस्त्रींनी आधी त्याला शिकवलं, मग मला.

१९९२ मध्ये त्याचे वडील आजारी पडले. हप्ते राहिले, सात राहिले. १९९३ चा मार्च आला. बँकेत नोकरी केलेल्यांना मार्च म्हणजे काय ते सांगायला नको. वसुलीचे आकडे वर कळवायचे होते. मी गाडी ताब्यात घेतली. त्याने स्वतः चालवत आणून शाखेच्या मागच्या अंगणात लावली, स्टँडवर चढवली, फडक्याने सीट पुसली आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

पंधरा दिवसांनी तो आला. म्हणाला, "सायेब, एकदा किक मारू द्या. पाच मिनटं चालू ठेवतो. नायतर पकडंल ती."

मी नाही म्हटलं. ताब्यातलं तारण कर्जदाराच्या हाती द्यायचं नाही, असा नियम होता, आणि तो योग्यही आहे. किल्ली पावतीसकट तिजोरीत होती. तो पुन्हा आला, पुन्हा आला. पावसाळा तोंडावर आला तेव्हा म्हणाला, "मंग तुम्ही मारा. मी लांब उभा ऱ्हातो." त्यावरही मी काहीतरी बोलून त्याला वाटेला लावलं. माझी स्वतःची, त्याच महिन्यात आलेली गाडी पुढच्या दारात उभी होती. रोज पाड्यापाड्यांवर जात होती.

कागदपत्रं फिरत राहिली. दोन पावसाळे गेले. नोव्हेंबर १९९४ मध्ये लिलाव झाला तेव्हा किक दगडासारखी. वर उभं राहिलं तरी हलेना.

मिस्त्रींनी कारण मला नंतर समजावलं. टू-स्ट्रोक इंजिन बंद पडतं तेव्हा पिस्टन कुठेतरी मध्येच थांबतो आणि पुष्कळदा सायलेन्सरकडचं भोक उघडंच राहतं. आपल्याकडच्या चार महिन्यांची ओल त्या वाटेने आत जाते. सिलिंडर बिडाचं, पिस्टनच्या रिंगाही बिडाच्या, दोघांवरचा तेलाचा थर केव्हाच ओघळून गेलेला. गंज त्यांना एकमेकांत विणून टाकतो. क्रँकच्या बेअरिंगवर ठिपके पडतात, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल उडून जाऊन चिकट रांधा राहतो. उपाय? पेट्रोलची चावी बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची. प्लग काढून चमचाभर तेल आत सोडायचं, तीन-चार किका मारायच्या, प्लग परत लावायचा. मग महिन्याकाठी पुन्हा किक. कामाला पाच मिनिटं लागतात. त्याने नेमकी पाचच मिनिटं मागितली होती.

लिलावात गाडी भंगाराच्या भावाने गेली. जमा झालेली रक्कम व्याजालाही पुरली नाही, मुद्दल त्याच्या नावावर तसंच राहिलं. ते त्याने पुढची कित्येक वर्षं मोलमजुरी करून फेडलं. माझी तोवर बदली झाली होती. शाखेत जुन्या सहकाऱ्याला मी अधूनमधून विचारत असे, त्यावरून कळलं. नियमाने मला अजूनही कुणी दोष देणार नाही. गाडी चालती असती तर तिला दुप्पट-तिप्पट किंमत आली असती, कर्ज बरंचसं मिटलं असतं आणि बँकेचाही फायदा झाला असता, हा हिशेब मात्र मी तेव्हा मांडला नाही. पिस्टनचे चारशे मीटर मोजणारा माणूस मी!

लिलावात ती गाडी घेतली होती मिस्त्रींनीच, सुट्या भागांसाठी. इंजिनाचा वरचा भाग गेला होता, पण गिअरची चक्रं, डिकीचे पत्रे, किकचा दांडा शाबूत होता. पुढे माझ्या गाडीला जे जे लागलं ते त्यांनी तिच्यातून काढून लावलं. हे मला दहाएक वर्षांनी कळलं, तेही सहज बोलता बोलता. आज मी रोज सकाळी ज्या दांड्यावर पाय देतो तो त्याच्या गाडीचा आहे.

आता सगळंच बदललंय. बजाजने २००९ साली स्कूटर सोडत असल्याचं जाहीर केलं आणि २०२० साली चेतक हे नाव विजेच्या गाडीला दिलं. रस्त्यावर धावतात त्या बहुतेक फोर-स्ट्रोक. त्यांच्या पोटात पाऊण लिटरच्या आसपास तेल असतं. ते संपत आलं तरी गाडी चालते, म्हणून कुणी काडी काढून बघत नाही आणि एके दिवशी इंजिन खडखडतं. पेट्रोलात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल धरून ठेवतं आणि जुनी रबरं फुगवतं, त्यामुळे माझ्यासारख्यांनी महिनोन् महिने टाकी भरून गाडी उभी करणं आणखीच वाईट. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. मुलगा म्हणतो, "बाबा, किती दिवस?" मिस्त्रींकडे हाताखाली मुलगा नाही, हे मला जास्त भेडसावतं.

तो तरुण दोन दिवसांनी आजोबांची स्कूटर टेम्पोत घालून घेऊन आला. योगायोगाने माझी गाडी न्यायला मी त्याच वेळी तिथे होतो. किक हलत नव्हती. मिस्त्रींनी प्लग काढला, डिझेलमध्ये तेल कालवून थोडं आत ओतलं आणि गाडी तशीच ठेवायला सांगितली. "आज हात नाय लावायचा. उद्या बघू." तो पोरगा उतावीळ, त्याला लगेच हातोडी हवी होती.

दुसऱ्या दिवशी मला तिथे जायचं काहीच कारण नव्हतं, तरी गेलो. मिस्त्रींनी गाडी चौथ्या गिअरमध्ये घातली, मागचं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि पुढे-मागे, पुढे-मागे हलवत राहिले. बराच वेळ काही नाही. मग आतून कुरकुरल्यासारखा आवाज आला आणि चाक बोटभर सरकलं.

"ये, तू धर आता," ते त्या पोराला म्हणाले.