दमा आहे, मग अॅलर्जीची चाचणी करावी का?

“चाचणी आहे म्हणून आठवडाभर सगळी औषधं बंद ठेवली, डॉक्टर,” खडकी बाजारातून आलेल्या एक ताई सांगत होत्या. एवढे बोलतानाही त्यांना धाप लागत होती. त्या दिवशी आम्ही चाचणी केली नाही. आधी दमा आटोक्यात आणला.

त्वचेवरची अॅलर्जी चाचणी, म्हणजे स्किन प्रिक टेस्ट, दमेकऱ्यांना धोक्याची वाटते. यात हातावर धुळीतले सूक्ष्म किडे, झुरळ, बुरशी, परागकण यांच्या अर्काचे थेंब ठेवून कातडी वरवर टोचतात. पुण्यात १९५० च्या दशकात नोंद झालेल्या आणि आता सगळीकडे माजलेल्या गाजर गवताचाही अर्क त्यात असू शकतो. १५ ते २० मिनिटांनी कुठे गांध उठली ते पाहतात. शरीरात जाणारा अर्क अत्यल्प असतो. त्यामुळे जिवावर बेतणारी रिअॅक्शन फार क्वचित येते.

धोका वाढतो तो दमा बेकाबू असताना. आधीच आकसलेल्या श्वासनलिकांना छोटी रिअॅक्शनही झेपत नाही. म्हणून चाचणीआधी छाती तपासून घ्यावी, फुंकण्याच्या यंत्रावर श्वासाचा जोर मोजून घ्यावा. घरघर असेल तर चाचणी पुढे ढकलावी. घाई असल्यास रक्ताच्या तपासणीचा पर्याय आहे.

औषधांबाबत घोळ नको. सेटिरिझिनसारख्या सर्दी-खाजेच्या गोळ्यांमुळे गांध उठत नाही आणि निकाल चुकतो. त्या डॉक्टर सांगतील तितके दिवस, साधारण आठवडाभर, थांबवाव्यात. दम्याचा पंप मात्र बंद करू नये. त्याने निकाल बिघडत नाही. रक्तदाब किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर जरूर सांगावे. रिअॅक्शन आल्यास द्यायचे अॅड्रेनॅलिन अशा रुग्णांत नीट लागू पडत नाही. पण ती गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

चाचणी अशाच ठिकाणी करावी, जिथे डॉक्टर, अॅड्रेनॅलिन आणि ऑक्सिजन हाताशी आहे. नंतर अर्धा तास तिथेच बसावे. अंगभर खाज, घशात आवळल्यासारखे, चक्कर किंवा धाप, काहीही वाटले तर लगेच सांगावे.

आणखी एक. गांध उठली म्हणजे दम्याचे कारण तेच, असे नाही. घरात, कामावर, कोणत्या ऋतूत त्रास होतो, याच्याशी ते जुळावे लागते.

तीन आठवड्यांनी त्या ताई पुन्हा आल्या. पंप नियमित चालू होता, छाती मोकळी होती. चाचणी सुरळीत झाली. उठलेल्या गांधी थोड्या वेळाने विरल्या आणि त्या चालत घरी गेल्या.