मानेतली जाळी

वकील बिरेंदर सांगवान यांनी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, ती हृदयाच्या स्टेंटच्या किमतीविषयी. जुलै २०१६ मध्ये हा स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आला आणि १३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने कमाल दर जाहीर केले. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये, साध्याला ७,२६० रुपये. कारखान्यापासून रुग्णापर्यंतच्या वाटेवर नफा साडेसहाशे टक्क्यांपर्यंत जात होता, हे प्राधिकरणाच्याच आकड्यांतून बाहेर आलं. वर्षभराने दिल्ली-एनसीआरमधल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली गेली, तेव्हा काही किरकोळ वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत निघाला.

मानेच्या धमनीचा स्टेंट मात्र या दरांच्या बाहेर राहिला, कारण यादीतली नोंद हृदयधमनीपुरती होती. एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्याने औषधांत धरली जातात, त्यामुळे छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, एवढाच काय तो लगाम. गुरुग्राम-नोएडाच्या रुग्णालयांत नातेवाइकांचा पहिला प्रश्न म्हणूनच कंपनीचा आणि पैशांचा असतो. ‘डॉक्टरसाहब, जो सबसे अच्छा है, वही डालिए।’ हे वाक्य प्रेमापोटी येतं, पण सगळ्यांत चांगला स्टेंट असा काही नसतो. आणि स्टेंट कोणता, हा प्रश्न खरं तर तिसरा-चौथा आहे.

पहिला प्रश्न, स्टेंट हवाच का? मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन कॅरोटिड धमन्या मानेच्या दोन्ही बाजूंनी वर जातात आणि जबड्याच्या कोनाजवळ दुभागतात. चरबी आणि चुन्याचा थर नेमका या फाट्यावर साचतो. धमनी अरुंद झाली म्हणून रक्त कमी पडतं, असा समज आहे. प्रत्यक्षात या आजारातले बहुतेक पक्षाघात थराचा कण किंवा त्यावर धरलेली गुठळी सुटून मेंदूत अडकल्याने होतात. सूचना कधीकधी आधी मिळते. एका डोळ्यासमोर पडदा आल्यासारखं होतं, हात लुळा पडतो, जीभ जड होते, आणि दहा-वीस मिनिटांत सगळं पूर्ववत. ‘बीपी वाढलं असेल’ म्हणून घरच्यांनी सोडून दिलेली ही वीस मिनिटं फार महागात पडू शकतात, कारण पुढचे थोडे दिवसच सर्वाधिक धोक्याचे. शस्त्रक्रिया किंवा स्टेंट करायचा असेल तर तो दोन आठवड्यांच्या आत करावा, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आपल्या लोकांत कवटीच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचं प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा जास्त आहे. त्यामुळे नुसता मानेचा डॉप्लर करून थांबू नये, डोक्यापर्यंतच्या धमन्या पाहाव्यात.

मानेचा आणि मेंदूचा हा संबंध वैद्यकाला बराच उशिरा उमगला. लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये मेंदूच्या धमन्यांचं चित्र क्ष-किरणांनी घेतलं, आणि १९५१ मध्ये मिलर फिशर यांनी मानेतल्या अडथळ्याचा पक्षाघाताशी असलेला संबंध ठळकपणे मांडला. मग शल्यविशारद पुढे सरसावले. १९५३ मध्ये मायकेल डिबेकी यांनी धमनी उघडून आतला थर खरवडून काढला; १९५४ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातल्या ईस्टकॉट, पिकरिंग आणि रॉब यांनी रोगट भाग काढून टाकल्याचा वृत्तांत ‘लॅन्सेट’मध्ये छापला. तरी या शस्त्रक्रियेने खरंच फायदा होतो का, हे ठरायला १९९१ उजाडलं. ‘नॅसेट’ चाचणीत लक्षणं होऊन गेलेल्या आणि धमनी ७० टक्क्यांहून अधिक अरुंद असलेल्या रुग्णांत, दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात नुसत्या औषधांवर २६ टक्क्यांना झाला, शस्त्रक्रियेनंतर ९ टक्क्यांना.

मान न उघडता मांडीतून तार नेऊन धमनी फुगवायची आणि जाळी बसवायची, ही कल्पना त्यानंतर रुजली. तिचा प्रवास सरळ नव्हता. २००४ च्या ‘सॅफायर’ चाचणीने जोखमीच्या रुग्णांत स्टेंट शस्त्रक्रियेपेक्षा कमी पडत नाही, असं दाखवलं. तिचे मुख्य लेखक जय यादव, आणि खर्च कॉर्डिस या स्टेंट बनवणाऱ्या कंपनीचा. (हा खर्च कोणाचा, हे पाहण्याची सवय वाचकाने लावून घ्यावी.) दोनच वर्षांनी फ्रान्समधली ‘इव्हा-३एस’ चाचणी मध्येच थांबवावी लागली: महिन्याभरात पक्षाघात किंवा मृत्यू स्टेंटच्या गटात ९.६ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात ३.९. मग २०१० मध्ये अमेरिकेच्या ‘क्रेस्ट’ने २,५०२ रुग्णांचा हिशेब मांडला. एकूण निकाल जवळपास सारखा, पण आत तफावत. सुरुवातीच्या दिवसांत पक्षाघात स्टेंटनंतर ४.१ टक्के, शस्त्रक्रियेनंतर २.३, हृदयविकाराचा झटका उलट, १.१ आणि २.३. साधारण सत्तरीनंतर शस्त्रक्रिया बरी, त्याआधी स्टेंट, असा कलही तिथे दिसला. वय वाढतं तशी महाधमनीची कमान वाकडी आणि कठीण होते, आणि तार तिच्यातून नेतानाच कण सुटतात. म्हणजे ‘आजोबांना चिरफाड नको, स्टेंट टाका’ ही घरची स्वाभाविक दया कधीकधी आजोबांच्याच विरोधात जाते.

आता जाळीकडे. कॅरोटिड स्टेंटची जुनी दोन घराणी. ‘ओपन सेल’ प्रकारात जाळीचे सगळे सांधे एकमेकांना जोडलेले नसतात, त्यामुळे ती वळणदार धमनीत छान बसते. पण छिद्रं मोठी राहतात. ‘क्लोज्ड सेल’मध्ये सांधे बांधलेले, छिद्रं बारीक, जाळी ताठ. क्लोज्ड सेलच्या वॉलस्टेंटच्या छिद्राचं क्षेत्रफळ सुमारे १ चौरस मिलिमीटर, ओपन सेलच्या अ‍ॅक्युलिंकचं ११ च्या पुढे. खिडकीला लोखंडी गज लावावेत की डासांची जाळी, एवढा हा फरक. थर मऊ आणि ठिसूळ असेल तर मोठ्या छिद्रांतून त्याचा चुरा आत डोकावतो आणि स्टेंट बसून गेल्यावरही सुटतो. उलट धमनी नागमोडी असेल तर ताठ जाळी तिला सरळ करते आणि जिथे जाळी संपते तिथे धमनी मुडपते.

पुरावा काय सांगतो? बेल्जियम आणि इटलीतल्या ३,१७९ रुग्णांच्या नोंदीत, लक्षणं होऊन गेलेल्यांना बारीक छिद्रांचा फायदा दिसला. दुसऱ्या युरोपीय पाहणीत, १,६८४ रुग्णांत, काहीच फरक दिसला नाही. तीन मोठ्या चाचण्यांतल्या १,५५७ रुग्णांची माहिती २०१८ मध्ये एकत्र केली, तेव्हा महिन्याभरातले पक्षाघात आणि मृत्यू ओपन सेलमध्ये १०.३ टक्के आणि क्लोज्ड सेलमध्ये ६ टक्के भरले. आकडा बोलका आहे, पण कोणाला कोणता स्टेंट, हे चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं, डॉक्टरांनी निवडलेलं होतं. शिवाय पुढच्या वर्षांतलं चित्र वेगळं: धमनी पुन्हा मध्यम प्रमाणात अरुंद होणं क्लोज्ड सेलमध्ये जास्त दिसलं, उशिराच्या पक्षाघातात मात्र फरक नाही. थोडक्यात, जाळीच्या आकाराचा खेळ पहिल्या तीस दिवसांचा आहे.

नवी पिढी दुपदरी जाळीची. रोडसेव्हर, सीगार्ड ही नावं आता दिल्लीतल्या परिषदांमध्येही ऐकू येतात. सांगाडा लवचीक, त्याला जोडलेलं अतिसूक्ष्म जाळं. स्टेंटनंतरच्या एमआरआयमध्ये मेंदूत नवे ठिपके कमी दिसतात, हे आशादायक. पण पक्षाघात सुरू असताना घाईघाईत, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या पोटात जायच्या आधी हा स्टेंट बसवावा लागला, तर तो बंद पडल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. महाग म्हणजे सर्व प्रसंगी सुरक्षित नव्हे.

दिल्ली-एनसीआरमध्ये एक गुंता आणखी आहे. तुम्ही कोणाचं दार ठोठावता यावर बरंच ठरतं. एखाद्या ठिकाणी हे काम मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर काम करणारे रेडिओलॉजिस्ट करतात, कुठे हृदयरोगतज्ज्ञ, कुठे स्टेंट टाकणारे न्यूरोलॉजिस्ट. आणि चीर देणारा व्हॅस्क्युलर सर्जन बसतो वेगळ्याच मजल्यावर. ज्याच्या हाती कॅथेटर त्याला स्टेंट सुचतो, ज्याच्या हाती सुरी त्याला शस्त्रक्रिया. यात लबाडी नाही, सवय आहे. म्हणून मला वाटतं, कंपनीचं नाव विचारण्याआधी डॉक्टरांना त्यांचा स्वतःचा आकडा विचारावा: तुमच्या हातून झालेल्या रुग्णांत महिन्याभरात पक्षाघात किंवा मृत्यू किती? लक्षणं असलेल्यांत ६ टक्क्यांच्या आत आणि लक्षणं नसलेल्यांत ३ टक्क्यांच्या आत, ही जगन्मान्य मर्यादा आहे. प्रश्न उद्धट वाटतो. चांगले डॉक्टर त्यावर रागावत नाहीत.

लक्षणं नसलेल्यांचा मुद्दा तर इथे रोजचाच. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये मानेचा डॉप्लर असतो आणि धडधाकट माणूस ७० टक्के ब्लॉकेजचा कागद घेऊन घरी येतो. २०२१ च्या ‘अ‍ॅक्स्ट-२’ चाचणीत अशा ३,६२५ जणांत स्टेंट आणि शस्त्रक्रिया दोन्हींत गंभीर पक्षाघात किंवा मृत्यू सुमारे १ टक्का, आणि पुढच्या पाच वर्षांत असा पक्षाघात दोन्हींकडे २.५ टक्के. पण नुसती औषधं दिली असती तर? त्याचं उत्तर नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘क्रेस्ट-२’ने दिलं. चार वर्षांत पक्षाघात किंवा सुरुवातीच्या दिवसांतला मृत्यू स्टेंटच्या गटात २.८ टक्के, त्याच्याशी तुलना केलेल्या औषधांच्या गटात ६ टक्के. शस्त्रक्रियेच्या चाचणीत ३.७ विरुद्ध ५.३, हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. म्हणजे औषधांवर राहिलेल्या शंभरातल्या सुमारे चौऱ्याण्णवांना चार वर्षांत असं काही झालं नाही.

शिवाय त्या औषधोपचारात रक्तदाब १३० च्या खाली आणि वाईट कोलेस्टेरॉल ७० च्या खाली ठेवायचा आग्रह होता, आणि स्टेंट टाकणारे हातही आधीच्या कामाची छाननी करून समितीने निवडलेले होते. गुरुग्रामच्या रुग्णाला तो २.८ चा आकडा सांगायचा, तर त्याच्या डॉक्टरांची छाननी कोणी केली, हेही सांगावं लागेल.