लाल शाई, काळी शाई आणि रिकामा गल्ला

बाजारात 'ब्लॅक' म्हटले की आपल्याला बिनपावतीचा पैसा आठवतो. काही वर्षांपूर्वी चाकणच्या एका कारखान्यात गणवेशाच्या कापडाचे नमुने घेऊन गेलो होतो. खरेदी विभागाचे साहेब म्हणाले, "चाचा, यंदा आमची कंपनी 'इन द ब्लॅक' आहे." मी चपापलो. असे उघड कसे बोलतात? उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला घरी भाच्याने अर्थ सांगितला.

इंग्रजी पद्धतीच्या हिशेबात तोट्याचा आकडा लाल शाईने, नफ्याचा काळ्या शाईने लिहीत. म्हणून तोट्यातला धंदा 'इन द रेड', नफ्यातला 'इन द ब्लॅक'. आपल्याकडे उलट, खातेवहीची बांधणीच लाल कापडाची, आणि ती शुभ!

'इन द रेड' म्हणजे काय, हे पिंपरीने पाहिले आहे. १९५४ साली स्थापन झालेली, पेनिसिलिन बनवणारी सरकारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स तोट्यात गेली आणि १९९७ साली आजारी उद्योग ठरली.

पण 'ब्लॅक' ऐकून मी खूष झालो व उधारी दुप्पट केली, ही माझी चूक. पैसे पाच महिन्यांनी आले. तोवर इचलकरंजीचे माझे देणे थकले. हिशेब साधा आहे. ८० हजारांचे कापड १ लाखाला उधार दिले, तर वहीत त्याच दिवशी २० हजार नफा दिसतो. गल्ल्यातून मात्र ८० हजार गेलेले असतात. शाई काळी, गल्ला रिकामा.

कारागीर बांधवांनी एक कायदा लक्षात ठेवावा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. २०२१ पासून व्यापाऱ्यांचीही 'उद्यम' नोंदणी होते. पण ती बँक कर्जाच्या सवलतीपुरती. म्हणजे भोसरीत सुटे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपवाल्याला हे संरक्षण आहे, माझ्यासारख्या कापड विकणाऱ्याला नाही.

तेव्हा माल देण्यापूर्वी कंपनी नफ्यात आहे का, एवढेच विचारू नका. बिल किती दिवसांत मिळेल ते विचारा, आणि ऑर्डरवर लिहून घ्या.